दूरस्थ संगणक-जोडणी, व्यवसायोपयोगी

दूरस्थ संगणक-जोडणी, व्यवसायोपयोगी : व्यापारी पेढी, बँक, कारखाना, सहकारी संस्था किंवा कार्यालय यांच्या मुख्य संगणकावरील माहिती व आज्ञावली दूरच्या शाखेस वा बाहेरगावी असलेल्या कर्मचाऱ्यास सुरक्षितपणे वापरता यावी म्हणून केलेली व्यवस्था. या व्यवस्थेची दोन अंगे आहेत. दोन ठिकाणांदरम्यान माहिती वाहून नेणारे माध्यम (तांब्याची तार, प्रकाशीय तंतू, रेडिओ तरंग किंवा उपग्रह) हे पहिले अंग होय. वापरणाऱ्याची ओळख पटविणे, माहिती कूटबद्ध करणे आणि प्रवेशाची मर्यादा ठरविणे ही कामे करणारी संरक्षण-व्यवस्था हे दुसरे अंग होय. ही दोन्ही अंगे परस्परांपासून बव्हंशी स्वतंत्र आहेत. वेगवान जोडणी असुरक्षित असू शकते आणि मंद जोडणी पूर्ण सुरक्षित असू शकते. त्यामुळे निवड करताना दोहोंचा विचार वेगवेगळा करावा लागतो.

मोठ्या शहरात एक जोडणी बंद पडली, तर दुसरी सहज मिळते. जिल्ह्याच्या अंतर्भागात तशी स्थिती नसते. मराठवाड्यातील हिंगोली जिल्हा हे याचे बोलके उदाहरण आहे. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके होत. जिल्ह्याचे अर्थकारण मुख्यत्वे शेतीवर व शेतमालाच्या व्यापारावर अवलंबून आहे. हिंगोली व वसमत येथे हळदीच्या मोठ्या बाजारपेठा असून वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीच्या व्यापाऱ्याचा व्यवहार सांगली, निजामाबाद व मुंबई या केंद्रांशी निगडित असतो. बँकांची खातेवही शाखेत न राहता दूरच्या माहिती केंद्रात असते. परिणामी जोडणी खंडित झाली, की सौदा होऊनही रक्कम देता येत नाही आणि शाखेत रोकड असूनही ती खातेदारास मिळत नाही. या कारणाने दूरस्थ जोडणीची निवड ही केवळ तांत्रिक बाब राहिलेली नाही.

इतिहास : दूरच्या संगणकावर काम करण्याची सोय अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर १९६९ पासून उपलब्ध होऊ लागली. व्यवसायांनी प्रारंभी दूरध्वनी खात्याकडून भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र तारमार्गांचा किंवा सामान्य दूरध्वनी व मॉडेम यांचा उपयोग केला. मॉडेम हे उपकरण संगणकातील द्विमान अंकांचे ध्वनिकंप्रतेच्या संकेतांत आणि उलट रूपांतर करते. सामान्य दूरध्वनी तारेवर या पद्धतीने दर सेकंदास जास्तीत जास्त ५६ किलोबिट इतका वेग मिळत असे.

भारतात राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची स्थापना १९७६ मध्ये झाली. या केंद्राने १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘निकनेट’ हे उपग्रहाधारित जाळे उभारून जिल्ह्यांची मुख्यालये दिल्लीशी जोडण्यास आरंभ केला. हिंगोली त्या वेळी परभणी जिल्ह्यातील एक तालुका होता. दुर्गम भागातील उद्योगांसाठी दूरसंचार विभागाने १९९० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी लहान भूकेंद्रांवर आधारित असे एक स्वतंत्र उपग्रह-जाळे सुरू केले. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ मध्ये रोख्यांचे व्यवहार सुरू केले, तेव्हा बाहेरगावच्या दलालांना जोडण्यासाठी अशाच लहान उपग्रह-भूकेंद्रांचा अवलंब केला. बँकांसाठी ‘इन्फिनेट’ हे जाळे १९९९ मध्ये कार्यान्वित झाले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली व पुढे सार्वजनिक इंटरनेटवरूनच खाजगी व्यवहार नेण्याची पद्धत रूढ होत गेली. राज्यांची मुख्यालये, जिल्हे व तालुके यांना जोडणाऱ्या राज्यव्यापी जाळ्यांच्या योजनेस केंद्र शासनाने २००५ मध्ये, तर ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतू नेण्याच्या योजनेस २०११ मध्ये मान्यता दिली. ही दुसरी योजना पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

माध्यमांचे गुणधर्म : जोडणीची प्रत मुख्यत्वे चार गोष्टींवरून ठरते : वहनक्षमता, विलंब, उपलब्धता आणि खर्च.

वहनक्षमता म्हणजे दर सेकंदास वाहून नेल्या जाणाऱ्या द्विमान अंकांची (बिटांची) संख्या. आठ बिट मिळून एक बाइट होतो. १०० मेगाबाइट आकाराची हिशेबाची फाइल दर सेकंदास ६४ किलोबिट वेगाच्या जोडणीवरून पाठविण्यास सु. साडेतीन तास लागतात. दर सेकंदास २ मेगाबिट वेगाने त्याच कामास सु. सात मिनिटे, तर १०० मेगाबिट वेगाने आठ सेकंद पुरतात. जाहिरातीत सांगितलेला वेग बहुधा माहिती घेण्याचा असतो. शाखेला माहिती पाठवायचीही असल्याने पाठविण्याचा वेग स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक असते.

विलंब म्हणजे संकेत पोहोचून उत्तर परत येण्यास लागणारा काळ. प्रकाशीय तंतूत प्रकाशाचा वेग सेकंदास सु. २ लक्ष किमी. असतो. हिंगोलीहून मुंबईपर्यंत तंतूची लांबी ६०० किमी. धरल्यास एका दिशेच्या प्रवासास तीन सहस्रांश सेकंद लागतात. मधल्या उपकरणांमुळे हा काळ वाढतो, तरीही तो माणसाच्या लक्षात येण्याइतका नसतो. भूस्थिर उपग्रह मात्र विषुववृत्तापासून सु. ३६,००० किमी. उंचीवर असतो. विचारणा व उत्तर यांसाठी हे अंतर चार वेळा कापावे लागत असल्याने केवळ प्रवासासच सु. अर्धा सेकंद लागतो. हिशेब पाठविण्यास तो अडथळा ठरत नाही. परंतु दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर आणून त्यावर टंकलेखन करणे किंवा संभाषण करणे त्यामुळे त्रासदायक होते.

उपलब्धता वर्षातील तासांच्या प्रमाणात सांगतात. ९९ टक्के उपलब्धता ऐकण्यास चांगली वाटते. पण तिचा अर्थ वर्षाच्या ८,७६० तासांपैकी सु. ८८ तास जोडणी बंद असा होतो. ९९·५ टक्के असल्यास हा काळ सु. ४४ तास आणि ९९·९ टक्के असल्यास सु. ९ तास असतो. प्रत्येकी ९९ टक्के उपलब्धतेच्या दोन जोडण्या घेतल्यास दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा काळ गणिताने वर्षाकाठी एक तासाहूनही कमी येतो. मात्र दोन्ही जोडण्या बंद पडण्याची कारणे वेगवेगळी असतील, तरच हे गणित खरे ठरते. दोन कंपन्यांचे तंतू एकाच चरातून गेले असतील, तर रस्ता रुंदीकरणातील खोदाईच्या एकाच घावाने ते दोन्ही तुटतात. वीज गेल्याने दोन्ही उपकरणे बंद पडणार असतील, तर दुसऱ्या जोडणीचा उपयोग होत नाही. म्हणून माध्यम, मार्ग व वीजपुरवठा हे तिन्ही भिन्न असावे लागतात.

जोडणीचे प्रकार : (१) भाड्याची स्वतंत्र वाहिनी. ही एकाच ग्राहकासाठी राखून ठेवलेली असते. पाठविण्याचा व घेण्याचा वेग समान असतो, विलंब स्थिर असतो आणि ठराविक उपलब्धतेची लेखी हमी मिळते. खर्च जास्त असून तो वापरावर अवलंबून नसतो. शाखांची संख्या वाढत जाते, तसतशी प्रत्येक शाखेसाठी वेगळी वाहिनी घेणे परवडेनासे होते.

(२) सेवादात्याचे खाजगी जाळे. यात प्रत्येक शाखा सेवादात्याच्या जवळच्या केंद्राशी जोडली जाते आणि केंद्रे माहितीच्या पुडक्यांवर चिठ्ठी लावून ती योग्य शाखेकडे वळवितात. ही पद्धत एमपीएलएस या नावाने ओळखली जाते. निरनिराळ्या ग्राहकांची माहिती चिठ्ठ्यांच्या योगे अलग राहते व तातडीच्या माहितीस अग्रक्रम देता येतो. अनेक शाखा असलेल्या बँकांनी हा प्रकार मोठ्या प्रमाणावर स्वीकारला आहे. मात्र माहिती अलग ठेवणे म्हणजे ती कूटबद्ध करणे नव्हे, हे ध्यानात ठेवावे लागते.

(३) सार्वजनिक ब्रॉडबँड. घरांना व दुकानांना मिळणारी ही जोडणी अनेक ग्राहकांत विभागलेली असते. ती स्वस्त असते, पण संध्याकाळी वेग कमी होतो आणि दुरुस्तीच्या मुदतीची हमी क्वचितच मिळते. व्यवसायासाठी ती वापरताना तिच्यावर कूटबद्ध मार्ग उभारणे अपरिहार्य ठरते.

(४) मोबाइल जोडणी. भारतात २०१६ नंतर चौथ्या पिढीची सेवा झपाट्याने पसरली व ऑक्टोबर २०२२ पासून पाचव्या पिढीची सेवा सुरू झाली. तार ओढावी लागत नसल्याने ही जोडणी तत्काळ मिळते. गावोगावी फिरणारे बँक मित्र, खरेदी केंद्रे व तात्पुरती कार्यालये यांना ती सोयीची आहे. मनोऱ्यावरील गर्दी, अंतर व मनोऱ्याचा वीजपुरवठा यांवर तिचा दर्जा अवलंबून असतो. तिची आणखी एक मर्यादा आहे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते ३२ अंकी द्विमान संख्येचे असल्याने एकूण ४,२९,४९,६७,२९६ इतकेच पत्ते शक्य आहेत. ते अपुरे पडत असल्यामुळे मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. अशा शाखेत बाहेरून थेट प्रवेश करता येत नाही; शाखेनेच मुख्य कार्यालयाकडे मार्ग उघडावा लागतो.

(५) उपग्रह जोडणी. जेथे तंतू पोहोचला नाही व मोबाइलचा संकेत क्षीण आहे, तेथे हाच पर्याय उरतो. लहान भूकेंद्र इमारतीच्या छतावर बसविता येते. उच्च कंप्रतेच्या पट्ट्यात मुसळधार पावसाने संकेत क्षीण होतो. कमी कंप्रतेच्या पट्ट्यात हा परिणाम थोडा असतो, पण ग्राहक-तबकडी मोठी लागते. पृथ्वीपासून काहीशे किमी. उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांच्या समूहांमुळे विलंब पुष्कळच घटतो.

संरक्षण-व्यवस्था : सार्वजनिक माध्यमावरून खाजगी माहिती नेण्याच्या पद्धतीस आभासी खाजगी जाळे असे म्हणतात. मूळ माहितीचे पुडके कूटबद्ध करून दुसऱ्या पुडक्यात घातले जाते. वाटेतील कोणासही बाहेरचा पत्ता दिसतो, आतील मजकूर दिसत नाही. या कूटबद्ध मार्गास बोगदा म्हणतात. आयपीसेक ही पद्धत १९९५ पासून प्रमाणित होत गेली असून दोन कार्यालये कायमची जोडण्यासाठी ती अधिक वापरतात. एकट्या कर्मचाऱ्यास जोडण्यासाठी संकेतस्थळांच्या सुरक्षिततेसाठी प्रचलित असलेल्या टीएलएस पद्धतीचे बोगदे सोयीचे पडतात, कारण बहुतेक जाळी त्यांना अटकाव करीत नाहीत. २००१ पासून उपलब्ध असलेली ओपनव्हीपीएन आणि २०२० मध्ये लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात समाविष्ट झालेली वायरगार्ड या आज्ञावली मुक्त असून त्या विनामूल्य वापरता येतात. पीपीटीपी ही १९९० नंतरच्या दशकातील पद्धत आता असुरक्षित ठरली आहे.

दुसऱ्या प्रकारात बोगद्याऐवजी दूरच्या संगणकाचा पडदा कर्मचाऱ्याच्या संगणकावर दाखविला जातो. फाइली मुख्य कार्यालयाबाहेर जात नाहीत व थोड्या वहनक्षमतेत काम भागते, हे त्याचे लाभ आहेत. पण पडदा दाखविणारी ही सेवा इंटरनेटवर उघडी ठेवणे घातक असते. तिच्यासाठी परवलीचे शब्द अजमावणारे यांत्रिक प्रयत्न अहोरात्र चालू असतात. अशी सेवा नेहमी बोगद्याच्या आत किंवा रक्षक-संगणकाच्या मागे ठेवावी लागते.

बोगद्याचेही एक वैगुण्य आहे. एकदा आत आलेल्या व्यक्तीस पुष्कळ ठिकाणी संपूर्ण जाळे मोकळे होते. २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनिअल पाइपलाइन या इंधनवाहिनीच्या कंपनीत घुसखोरांनी वापरात नसलेल्या एका जुन्या दूरस्थ खात्याद्वारे प्रवेश मिळविला. त्या खात्यास परवलीच्या शब्दाखेरीज दुसरी पडताळणी नव्हती. परिणामी वाहिनी अनेक दिवस बंद राहून पूर्व किनाऱ्यावर इंधनटंचाई निर्माण झाली. परवलीच्या शब्दाबरोबर भ्रमणध्वनीवरील किंवा वेगळ्या उपकरणावरील संकेतांक मागणे आणि नोकरी सोडलेल्यांची खाती त्वरित बंद करणे, हे दोन उपाय महागड्या उपकरणांहून अधिक गुणकारी आहेत, असे या घटनेवरून दिसते. आत आलेल्यावरही आपोआप विश्वास न ठेवता प्रत्येक आज्ञावलीसाठी स्वतंत्र पडताळणी करण्याचे तत्त्व २०१० पासून पुढे आले असून ते ‘शून्य विश्वास’ या नावाने ओळखले जाते.

निवडीची पद्धत : जोडणी किती वेगवान हवी, या प्रश्नाआधी ती बंद पडल्यास काय थांबते, हा प्रश्न विचारणे श्रेयस्कर असते. उदाहरणार्थ, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गळीत हंगामात उसाच्या गाड्यांची रांग लागते. वजनाची नोंद थेट दूरच्या संगणकातच होत असेल, तर जोडणी तुटताच काटा थांबतो. नोंद प्रथम काट्याजवळील संगणकात करून ती नंतर पुढे पाठविण्याची योजना केल्यास साधी ब्रॉडबँड जोडणीही पुरते. याउलट खात्यातील शिल्लक पाहिल्याविना पैसे देता येत नसल्याने बँकेच्या शाखेस सतत जोडणी हवी असते. तेथे खाजगी जाळे किंवा स्वतंत्र वाहिनी आणि तिला पूरक म्हणून मोबाइल वा उपग्रह जोडणी, अशी जोडी योग्य ठरते.

हळदीचा मध्यम व्यापारी घेतला, तर त्याची गरज वेगळी असते. हिंगोलीत पेढी, वसमतला गोदाम आणि सांगलीत प्रतिनिधी अशी रचना कल्पिल्यास साठ्याची नोंद, हिशेब व पावत्या एवढीच माहिती ये-जा करते. पेढी व गोदाम यांना दोन भिन्न सेवादात्यांची प्रत्येकी एक जोडणी, त्यांवर मुक्त आज्ञावलीचा बोगदा, प्रतिनिधीस दुहेरी पडताळणीसह प्रवेश आणि विजेसाठी घटमाला एवढी व्यवस्था त्यास पुरेशी होते. हिशेबाची आज्ञावली सेवादात्याच्या माहिती केंद्रात ठेवून ती न्याहाळकातून वापरल्यास स्वतःच्या बोगद्याचीही गरज राहत नाही. मात्र त्या स्थितीत हिशेबाची प्रत स्वतःजवळ ठेवणे अगत्याचे असते.

विज्ञानसंस्थांच्या गरजा याहून फार मोठ्या असतात. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया हा गुरुत्वीय तरंगांचा शोधक उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रु. खर्चाची मान्यता दिली. त्याच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किमी. लांबीच्या असून प्रकल्पातील सहभागी संस्था पुणे, इंदूर, गांधीनगर व मुंबई येथे आहेत. या जातीच्या शोधकातील मुख्य संकेताची नोंद सेकंदास १६,३८४ वेळा केली जाते आणि तीबरोबर सहस्रावधी साहाय्यक नोंदीही होतात. तरंगाचा उगम आकाशात कोठे आहे, हे ठरविण्यासाठी निरनिराळ्या खंडांतील शोधकांवर तो पोहोचल्याच्या वेळांची तुलना करावी लागते. ती काही मिनिटांत झाली, तरच दुर्बिणी वेळीच त्या दिशेस वळविता येतात. अशा कामास उच्च क्षमतेचा व भिन्न मार्गांनी जाणारा प्रकाशीय तंतूच योग्य होय.

कायदेशीर बाजू : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संगणकीय सुरक्षेस बाधक घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे आणि संगणक-प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक आहे. लोकांना आभासी खाजगी जाळ्याची सेवा विकणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवावयाची असते. पेढीने केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी उभारलेल्या जाळ्यास हे विशिष्ट बंधन लागू नाही. ग्राहकांच्या वैयक्तिक माहितीचे रक्षण करण्याची जबाबदारी २०२३ मध्ये संमत झालेल्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने माहिती बाळगणाऱ्यावर टाकली आहे. त्यामुळे लहान पेढीलाही कोणी, केव्हा व कोठून प्रवेश केला याची नोंद ठेवणे, उपकरणांतील आज्ञावली अद्ययावत राखणे आणि वर्षातून काही वेळा मुख्य जोडणी मुद्दाम बंद करून पूरक जोडणी चालते की नाही, हे तपासणे आवश्यक झाले आहे.